प्रायोगिक नेटवर्क ‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय होते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील विकेंद्रित नेटवर्कवरच्या लेखात इग्द्रासिल या प्रायोगिक नेटवर्क-प्रोग्रॅमची ओळख करून दिली, हे बरे झाले. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल. पण ‘एक कमांड द्या आणि जोडले जा’ एवढेच वाचून कोणी पुढे गेला, तर दोनपैकी एक गोष्ट होईल. जोडणी झाली तर त्याचे मशीन अनोळखी लोकांना उघडे पडेल, आणि झाली नाही तर ‘चालत नाही’ म्हणून तो नाद सोडून देईल. दोन्ही टाळता येते, फक्त काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचे ते माहीत हवे.

छापण्याच्या सोयीसाठी आम्ही सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत द्यायच्या. मुख्य प्रोग्रॅम ‘इग्द्रासिल’, आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारायचे ते ‘इग्द्रासिलसीटीएल’ने. पुढचे सगळे लिनक्स धरून लिहिले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इग्द्रासिल गो भाषेत लिहिलेले आहे. ते प्रत्येक मशीनसाठी गुप्तलेखनाच्या किल्ल्यांची एक जोडी (एक खासगी, एक सार्वजनिक) तयार करते आणि त्यातल्या सार्वजनिक किल्लीवरून त्या मशीनचा आयपीव्ही६ पत्ता काढते. पत्ते ०२००::/७ या पट्ट्यातले असतात. हा पट्टा पूर्वी दुसऱ्या एका पत्तापद्धतीसाठी ठेवलेला होता, २००४ मध्ये तो वापर रद्द झाला. पत्ता वाटून देणारे मध्यवर्ती कार्यालय नाही. तुम्ही दोन-तीन ‘पीअर’शी, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्यांच्या मशीनशी, थेट जोडून घेता आणि त्यांच्यामार्फत बाकीच्या नेटवर्कपर्यंत पोचता, मधल्या मशीनना मजकूर वाचता येत नाही. पत्ता किल्लीतून येतो, ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की पुढचे निम्मे गोंधळ आपोआप कळतात.

आता सुरक्षेचे, कारण लेखात ते पूर्णपणे राहून गेले आहे. आपल्याकडे घरच्या ब्रॉडबँडवर किंवा मोबाइल डेटावर बहुतेकांना स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही. कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एक पत्ता देते, त्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून कोणी थेट आत येऊ शकत नसल्याने लॅपटॉपवर फायरवॉल नसली तरी आजवर निभावते. इग्द्रासिलची जोडणी तुमच्याकडून बाहेर जाते, त्यामुळे ती सीजीनॅटमधूनही विनासायास होते, ही त्याची मोठी सोय. पण एकदा जोडणी झाली की त्याच वाटेने नेटवर्कवरचा कोणीही तुमच्या पत्त्यावर येऊन प्रत्येक पोर्ट (सेवेचे क्रमांकित दार) ठोठावून पाहू शकतो. राउटरला एकच एन्क्रिप्टेड जोडणी दिसते, आत काय चालले आहे ते त्याच्या आवाक्याबाहेर असते.

म्हणून इन्स्टॉल करण्याआधी, मशीनवर कोणत्या सेवा जोडणीसाठी ऐकत आहेत ते दाखवणारी ‘एसएस’ ही कमांड टी, एल, एन, पी या पर्यायांसह चालवावी. स्थानिक पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ असेल तर ती सेवा फक्त तुमच्या मशीनपुरती आहे. तिथे तारांकन किंवा चौकटी कंसात नुसती दोन विसर्गचिन्हे दिसली, तर ती सेवा सगळ्या आयपीव्ही६ पत्त्यांवर ऐकते आहे. पत्ता न सांगता चालू केलेला नोडजेएसचा सर्व्हर असाच ऐकतो, आणि विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर नेमका तोच चालू असतो.

उपाय अवघड नाही. कॉन्फिग फाइलमध्ये ‘इफनेम’ची किंमत मुळात ‘ऑटो’ असते. म्हणजे इग्द्रासिल जे आभासी नेटवर्क कार्ड तयार करते त्याला कर्नल जे मोकळे असेल ते नाव देतो. आज ते टन० असते. उद्या व्हीपीएन आधी सुरू झाले तर टन१ होते, आणि टन० साठी लिहिलेला फायरवॉलचा नियम भलत्याच कार्डाला लागतो. तेव्हा ‘इफनेम’ला वायजीजी० असे कायमचे नाव द्यावे. मग यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या कमांड: ‘यूएफडब्ल्यू डीफॉल्ट डिनाय इनकमिंग’ आणि त्यानंतर ‘यूएफडब्ल्यू एनेबल’. दूरच्या मशीनवर एसएसएचने बसला असाल तर एनेबल करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. यूएफडब्ल्यूच्या सेटिंग फाइलमध्ये ‘आयपीव्ही६’पुढे ‘येस’ आहे ना, तेही पाहावे; तिथे ‘नो’ असेल तर आयपीव्ही६साठी तुम्ही घातलेला एकही नियम लागू होत नाही.

‘अलाऊडपब्लिककीज’ या यादीत मित्रांच्या किल्ल्या घातल्या म्हणजे बाकीच्यांना बंदी झाली, असा समज सर्रास दिसतो. ती यादी फक्त तुमच्याशी थेट पीअर म्हणून कोण जोडू शकतो हे ठरवते. तुमच्या सेवांपर्यंत कोण पोचते याच्याशी तिचा संबंध नाही. ही फायरवॉल नव्हे, असा इशारा कॉन्फिग फाइलमध्येच ठळक मोठ्या अक्षरांत दिलेला आहे, वाचतो कोण!

आता ‘चालत नाही’कडे वळू. हा शब्द निदान पाच वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरला जातो: प्रोग्रॅमच सुरू होत नाही, सुरू होतो पण पीअरशी जोडत नाही, जोडतो पण समोरचे मशीन सापडत नाही, सापडते पण पिंगला उत्तर नाही, पिंग लागते पण वेबपान उघडत नाही. तपासणी याच क्रमाने खालून वर न्यावी. पान उघडत नाही म्हणून थेट पीअर बदलत बसणारे दिवस वाया घालवतात.

सगळ्यात आधी आवृत्ती. इथे मागच्या आवृत्तीशी जुळते ठेवण्याची हमी कोणी दिलेली नाही. २०२१ मध्ये ०.४ आली तेव्हा आधीच्या आवृत्त्यांशी बोलणे बंद झाले, आणि २०२३ मध्ये ०.५ आली तेव्हा ०.४ शी. मार्ग शोधण्याची पद्धतच बदलली होती, त्यामुळे इलाज नव्हता. डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातले पॅकेज किंवा जुन्या ट्युटोरिअलमधली लिंक तुम्हाला मागची आवृत्ती देऊ शकते. मग टीसीपी जोडणी होते आणि हस्तांदोलनाच्या, म्हणजे दोन्ही प्रोग्रॅमनी एकमेकांची ओळख पटवण्याच्या, पायरीवर तुटते. तपासताना एक बारकावा लक्षात ठेवा. ‘इग्द्रासिल -व्हर्जन’ ही कमांड डिस्कवरच्या फाइलची आवृत्ती सांगते, तर ‘इग्द्रासिलसीटीएल गेटसेल्फ’ सध्या चालू असलेल्या प्रोसेसची. अपग्रेडनंतर सर्व्हिस रीस्टार्ट केली नसेल तर दोन उत्तरे वेगळी येतात. स्वतः बिल्ड केलेली एक प्रत आणि पॅकेजमधून आलेली दुसरी अशा दोन प्रती असतील, तर ‘टाइप -ए इग्द्रासिल’ दोन्हींचे ठिकाण दाखवते. गिट क्लोन न करता झिप उतरवून बिल्ड केले तर आवृत्तीच्या जागी ‘अननोन’ येते. अशा बिल्डवरून केलेली तक्रार कोणी हातात घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

मग कॉन्फिग. नवीन फाइल तयार करण्यासाठी ‘-जेनकॉन्फ’चे आउटपुट ‘मोठे आहे’च्या चिन्हाने फाइलमध्ये वळवतात. हीच कमांड कोणी दुसऱ्यांदा दिली की शेल आधी जुनी फाइल रिकामी करते. जुनी खासगी किल्ली जाते, तिच्याबरोबर पत्ताही. काल लागणारा पत्ता आज लागत नाही, याचे हे नेहमीचे कारण. दुसरे कारण ‘-ऑटोकॉन्फ’. हा पर्याय दर वेळी नवी किल्ली तयार करतो. झटपट चाचणीला ठीक, सर्व्हरला निरुपयोगी. किल्ली बदलल्याचा संशय असेल तर ‘-यूजकॉन्फफाइल’बरोबर ‘-अ‍ॅड्रेस’ द्या, त्या फाइलमधल्या किल्लीचा पत्ता छापून येतो.

फाइल नेमकी कोणती, हाही प्रश्नच असतो. काही पॅकेज ती थेट ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ठेवतात, काही त्याच्या आतल्या ‘इग्द्रासिल’ फोल्डरमध्ये. तुम्ही एक फाइल दुरुस्त करता आणि सर्व्हिस दुसरीच वाचते. ‘सिस्टिमसीटीएल कॅट इग्द्रासिल’ दिले की सर्व्हिस कोणती फाइल वाचते ते तिथेच दिसते.

फाइलचा प्रकार एचजेसन (माणसाला लिहायला सोपा केलेला जेसन) आहे. तो उदार आहे, आणि त्याचा उदारपणाच नडतो. अवतरणचिन्हे न घालता लिहिलेला मजकूर ओळ संपेपर्यंत एकच शब्दसमूह धरला जातो. म्हणजे पीअरचा पत्ता अवतरणाविना लिहून त्याच ओळीत पुढे स्वल्पविराम, टीप किंवा यादी बंद करणारा कंस टाकला, तर ते सगळे पत्त्याचाच भाग होते. प्रत्येक पीअर स्वतंत्र ओळीवर आणि दुहेरी अवतरणात लिहावा. शंका आली तर ‘-नॉर्मलाइजकॉन्फ’ चालवा. प्रोग्रॅमला फाइल कशी समजली ते तो छापून दाखवतो. त्यात खासगी किल्लीही छापली जाते, तेव्हा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नका.

प्रोग्रॅम सुरूच होत नसेल तर ‘जर्नलसीटीएल -यू इग्द्रासिल’मध्ये पाहा. स्वस्तातल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) किंवा कंटेनरमध्ये ‘डेव्ह/नेट/टन’ हे उपकरणच नसते; ते मूळ यजमानाकडून चालू करून घ्यावे लागते. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. रूट म्हणून चालवूनही पत्ता लावताना ‘परमिशन डिनाइड’ येते. त्याचा परवानगीशी संबंध नसतो. ‘इंटरनेट वेगवान करण्याच्या युक्त्या’ वाचून कोणीतरी कर्नलमध्ये आयपीव्ही६ बंद केलेले असते. ‘सिसीटीएल’मध्ये ‘डिसेबल_आयपीव्ही६’ची किंमत ० हवी. दोष नेटवर्क कार्डाचा की जोडणीचा हे ठरत नसेल, तर ‘इफनेम’ तात्पुरते ‘नन’ करा. प्रोग्रॅम आभासी कार्डाशिवाय चालतो, पीअरशी जोडतो, दुसऱ्यांचे पॅकेटही पुढे नेतो. तसे जोडले गेले तर दोष कार्डाच्या बाजूला आहे, इंटरनेटच्या नाही.

‘इग्द्रासिलसीटीएल’ला ‘परमिशन डिनाइड’ आले तर सुडो लावा. ‘नो सच फाइल’ आले तर मूळ प्रोग्रॅम बंद आहे किंवा त्याचे सॉकेट (त्याच्याशी बोलण्याची खास फाइल) दुसरीकडे आहे.

पीअरच्या जोडणीसाठी ‘इग्द्रासिलसीटीएल गेटपीअर्स’. तक्त्यात ‘डाउन’ दिसले की उजवीकडचा ‘लास्ट एरर’ रकाना वाचावा, निम्मे उत्तर तिथे असते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीन आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ‘टाइमआउट’ म्हणजे वाटेत कोणी अडवते आहे किंवा पीअर मेला आहे. ‘नो सच होस्ट’ म्हणजे दोष डीएनएसचा, नावावरून पत्ता सापडला नाही. ‘एनसी -व्हीझेड’ने तोच पत्ता आणि पोर्ट स्वतंत्रपणे तपासा. कॉलेजच्या आणि कंपनीच्या नेटवर्कवर बरेचदा ८० आणि ४४३ सोडून बाकीचे पोर्ट बंद असतात. मग सार्वजनिक यादीतला ४४३ वर टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) घेणारा पीअर निवडावा. मोबाइल हॉटस्पॉटवर तेच कॉन्फिग लगेच चालले, तर दोष कॅम्पसच्या फायरवॉलचा.

जोडणी फसली की प्रोग्रॅम पुन्हा प्रयत्न करतो, पण दोन प्रयत्नांमधले अंतर दर वेळी वाढवत नेतो, ते तासाच्या पलीकडेही जाते. त्यामुळे फायरवॉल दुरुस्त केल्यावरही ‘डाउन’ तसेच राहते आणि माणूस योग्य दुरुस्ती चुकीची समजून परत उलटवतो. प्रत्येक बदलानंतर सर्व्हिस रीस्टार्ट करावी, मगच निकाल धरावा. ‘अ‍ॅडपीअर’ने घातलेला पीअर मात्र रीस्टार्टनंतर राहत नाही, तो टिकवायचा तर फाइलमध्येच लिहावा लागतो.

पीअर किती असावेत? दोन किंवा तीन, आणि जवळचे. ‘गेटपीअर्स’मधला ‘आरटीटी’ (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) पाहून निवडावेत. यादीतले वीस पत्ते एकदम भरल्याने वेग वाढत नाही. सार्वजनिक पीअर लोक स्वखुशीने, स्वतःच्या खर्चाने चालवतात, याचेही भान हवे.

प्रयोगशाळेतला एक बिघाड इतका खास आहे की तो वेगळा सांगायला हवा. एका मशीनवर सगळे नीट बसवतात आणि त्याच डिस्कची प्रतिमा बाकीच्या मशीनवर उतरवतात. किल्लीही कॉपी होते. मग सगळ्यांचा पत्ता एकच. ही मशीन एकमेकांशी जोडायला नकार देतात, कारण प्रत्येकाला समोर आपलीच किल्ली दिसते. आणि बाहेरच्या नेटवर्कला एकच मशीन क्षणात इथे, क्षणात तिथे भासते. प्रतिमा काढण्याआधी कॉन्फिग फाइल काढून टाकावी आणि प्रत्येक मशीनवर नवीन तयार करावी.

एकाच लॅनवरची मशीन एकमेकांना आपोआप शोधतात, असे लेखात म्हटले आहे. खरे आहे, पण अटी आहेत. शोधाचा संदेश एफएफ०२::११४ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर यूडीपी ९००१ वरून जातो. त्यासाठी कार्डावर एफई८० ने सुरू होणारा स्थानिक पत्ता लागतो, आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ९००१ उघडे लागते. एवढे पुरत नाही. शोध लागल्यावर प्रत्यक्ष जोडणी टीसीपीने होते, आणि ‘मल्टिकास्टइंटरफेसेस’मधला ‘पोर्ट’ ० असेल तर ते पोर्ट दर वेळी वेगळे निवडले जाते. जे पोर्ट माहीतच नाही ते फायरवॉलमध्ये उघडणार कसे? तिथे ९००२ सारखा एक ठरावीक आकडा द्यावा आणि तेवढेच पोर्ट लॅनच्या कार्डावर उघडावे. हॉस्टेलच्या वायफायवर मात्र ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असते. तिथे दोन लॅपटॉप शेजारी असूनही एकमेकांना दिसत नाहीत. एक स्वस्तातला स्विच आणि दोन केबल हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

पीअर ‘अप’ आहेत आणि तरी समोरचे मशीन लागत नाही, अशा वेळी दोन्ही मशीनवर ‘गेटट्री’ चालवा. नेटवर्क आतून एका झाडासारखे बांधले जाते आणि त्याचे मूळ एकच असते. ज्या ओळीत मशीनची किल्ली आणि तिच्या पालकाची किल्ली एकच आहे ती मुळाची. दोन्हीकडे मूळ वेगळे निघाले, तर तुम्ही दोन सुट्या नेटवर्कवर आहात. मूळ एकच असेल तर पिंग चालू ठेवून ‘गेटसेशन्स’ पाहा. समोरच्याचा पत्ता तिथे आला म्हणजे किल्ल्यांची देवाणघेवाण झाली आहे, आणि उत्तर अडवते आहे ते बहुधा त्या मशीनची फायरवॉल. याची खात्री करायची एक नामी युक्ती आहे: समोरच्याची सार्वजनिक किल्ली देऊन ‘गेटनोडइन्फो’ विचारा. हा प्रश्न आभासी कार्डापर्यंत जातच नाही, इग्द्रासिल स्वतःच त्याचे उत्तर देते. त्यामुळे समोरची फायरवॉल कितीही कडक असो, उत्तर येते. नोडइन्फो येते पण पिंग नाही, तर नेटवर्कला दोष देऊ नका.

पिंग लागते पण पान उघडत नाही, तेव्हा आधी ब्राउझरमध्ये पत्ता चौकटी कंसात लिहिला आहे का पाहा. कंसाविना ब्राउझर तो गुगलवर शोधायला पाठवतो. मग समोरची सेवा आयपीव्ही६ वर ऐकते का. तरीही पान अर्धवट येऊन अडकत असेल, तर ‘इफएमटीयू’ (एका पॅकेटचा कमाल आकार) ६५५३५ वरून आयपीव्ही६ची किमान मर्यादा असलेल्या १२८० वर आणून पाहावे. फरक पडला, तर मोठ्या पॅकेटची अडचण आहे एवढे तरी निश्चित होते.

हे सगळे शिकायला सार्वजनिक नेटवर्कवर जायची गरजच नाही. एका लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय, तीन मशीनचे नेटवर्क उभे राहते, आणि कॉलेजांनी सुरुवात तिथूनच करावी असे आमचे मत आहे. ‘आयपी नेटएनएस अ‍ॅड’ने ए, बी, सी अशा तीन नेमस्पेस (एकाच मशीनमधले एकमेकांपासून वेगळे ठेवलेले नेटवर्क) तयार करा. ‘आयपी लिंक अ‍ॅड … टाइप व्हीईथ पीअर नेम …’ ने आभासी केबल तयार होते. एक ए आणि बी मध्ये, दुसरी बी आणि सी मध्ये. प्रत्येक केबलचे टोक ‘आयपी लिंक सेट … नेटएनएस …’ ने आपापल्या नेमस्पेसमध्ये टाका. आता प्रत्येक नेमस्पेसमध्ये ‘एलओ’ आणि केबलची टोके ‘अप’ करा. नव्या नेमस्पेसमध्ये ‘एलओ’सुद्धा बंद असते, हे बरेच जण विसरतात. एक-दोन सेकंद थांबा. ‘आयपी -६ अ‍ॅडर’मध्ये एफई८० पत्त्यापुढे ‘टेन्टेटिव्ह’ दिसत असेल तोवर मल्टिकास्ट चालत नाही.

तीन कॉन्फिग फाइली, तीन वेगळ्या किल्ल्या, आणि तीन वेगळे ‘अ‍ॅडमिनलिसन’. शेवटचे म्हणजे ‘इग्द्रासिलसीटीएल’ ज्या सॉकेटवरून बोलते त्याचे ठिकाण. ते वेगळे का, हे नीट समजून घ्यायला हवे. नेटवर्क नेमस्पेस नेटवर्क वेगळे करते, फाइलसिस्टिम नाही. युनिक्स सॉकेट ही फाइल आहे, म्हणून तिन्ही प्रोग्रॅम एकाच फाइलवर हक्क सांगू पाहतात. आणखी एक फसवणूक इथे होते. लॅपटॉपवर इग्द्रासिलची नेहमीची सर्व्हिस चालू असेल आणि तुम्ही नुसते ‘इग्द्रासिलसीटीएल गेटपीअर्स’ विचारलेत, तर उत्तर त्या सर्व्हिसकडून येते. व्यवस्थित दिसते, पण भलत्याच मशीनचे असते. दर वेळी ‘-एंडपॉइंट’ने सॉकेट सांगावे, आणि उत्तर वाचण्याआधी ‘गेटसेल्फ’ने पत्ता जुळवावा. प्रोग्रॅम ‘आयपी नेटएनएस एक्झेक ए’ या उपसर्गाने चालवा आणि आउटपुट ‘टी’ कमांडने फाइलमध्येही घ्या; त्याआधी एरर-आउटपुट ‘२>&१’ ने मुख्य आउटपुटमध्ये मिसळा, नाहीतर क्रॅशचा मजकूर फक्त पडद्यावर येतो आणि फाइल कोरी राहते.

आता ए वरून सी ला पिंग करा. दोघांमध्ये थेट केबल नाही, म्हणजे उत्तर आले तर बी मार्ग देते आहे. पिंगला ‘-डी’ दिले की प्रत्येक ओळीवर वेळ येते, ‘-ओ’ दिले की न आलेले उत्तरही नोंदले जाते. मग ‘टीसी’ आणि ‘नेटएम’ने बी-सी केबलवर १०० मिलिसेकंद विलंब आणि ५ टक्के पॅकेटगळती लावा, आपल्याकडच्या पावसाळी मोबाइल नेटवर्कची बरी नक्कल होते. केबल ‘डाउन’ करा, परत ‘अप’ करा, आणि उत्तर पुन्हा यायला किती सेकंद लागतात ते पिंगच्या वेळांवरून काढा. ए आणि सी मध्ये तिसरी केबल टाकून हाच प्रयोग पुन्हा करा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एवढे साहित्य भरपूर झाले, आणि ते दुसऱ्या कोणालाही तसेच्या तसे करून पाहता येते.

शेवटी तक्रार कशी लिहायची. ‘गेटसेल्फ’मधली आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, इन्स्टॉल पॅकेजमधून की सोर्समधून, दिलेली नेमकी कमांड, काय अपेक्षित होते, काय झाले, आणि डीबग पातळीचा लॉग. सर्व्हिसची लॉग-पातळी ‘सिस्टिमसीटीएल एडिट इग्द्रासिल’ने बदलावी; तिथे नवी ‘एक्झेकस्टार्ट’ ओळ लिहिण्याआधी एक रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ ओळ लागते, नाहीतर सिस्टिमडी दोन कमांड बघून नकार देते. दोन मशीनचे लॉग देणार असाल तर दोन्हींची घड्याळे जुळलेली हवीत. प्रोग्रॅम ‘पॅनिक’ होऊन कोसळला तर ‘पॅनिक’ शब्दाची ओळ आणि त्याखालचा पहिला ‘गोरूटीन’ (गो प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे एक काम) पूर्ण द्यावा. सहसा शेवटच्या चार ओळी पाठवल्या जातात, ज्यांचा काही उपयोग नसतो. कोसळला नाही पण गोठला, तर ‘किल -क्विट’ आणि प्रोसेस क्रमांक द्या. गो भाषेतले प्रोग्रॅम हा सिग्नल मिळताच प्रत्येक गोरूटीन कुठे अडकले आहे ते छापून बंद होतात. सर्व्हिस असेल तर तो मजकूर जर्नलमध्ये सापडतो. असा एक मजकूर ‘हँग होते’ या दहा तक्रारींपेक्षा डेव्हलपरच्या जास्त कामाचा असतो.

कॉन्फिग फाइल जोडताना ‘प्रायव्हेटकी’ची ओळ आधी काढून टाका. १२८ अक्षरांची ती ओळ ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचा पत्ता घेऊन तुमच्या जागी उभे राहता येते. लॉगमधले पीअरचे खरे आयपी पत्ते झाका, विशेषतः पीअर मित्राच्या घरचा असेल तर. चुकून किल्ली कुठे प्रसिद्ध झालीच, तर पोस्ट पुसण्याने काही साधत नाही. नवी किल्ली तयार करा. पत्ता बदलेल, मग जिथे जिथे जुना पत्ता किंवा जुनी किल्ली लिहिली आहे, म्हणजे मित्रांच्या ‘अलाऊडपब्लिककीज’मध्ये, फायरवॉलच्या नियमांत, होस्ट्स फाइलमध्ये, तिथे तिथे ती बदलून घ्या.

आपले,
नेटवर्क-चाचणीचे काम करणारे काही वाचक, पुणे